अलार्म लावला, पण निरोप कोणत्या वाटेने जाणार?

पत्र : नमस्कार. आम्ही दोघंच साताऱ्यात, गावाच्या कडेला छोट्या बंगल्यात राहतो. शेजारी चोरी झाली तेव्हा, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, आम्ही चोरीचा अलार्म बसवून घेतला. दार उघडलं की हुटर वाजतो आणि आमच्या व मुलीच्या मोबाइलवर निरोप येतो. गेल्या महिन्यात इंटरनेटवाल्याकडचा मुलगा आला आणि जुना राउटर काढून नवा लावून गेला. नेट छान चाललंय. परवा सहज अलार्मचं ॲप उघडलं, तर जिन्याखालचं पॅनेल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, 'ऑफलाइन' आणि तेही तेवीस दिवसांपासून! तेवीस रात्री आम्ही अलार्म लावून निर्धास्त झोपलो. आता पुढच्या महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही तीन महिने बंगळूरला जाणार आहोत, घर बंद राहील. भाचा म्हणतो, राउटर हॅक करून चोर अलार्मच बंद करू शकतो. हे खरं आहे का? राउटर सुरक्षित कसा करायचा? आणि मुळात या अलार्मवर विसंबून जावं की नाही?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, नमस्कार.

भाच्याच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी त्या तेवीस रात्रींबद्दल बोलू. तुमच्याकडे कुणी हॅकर आला नाही, चोरही आला नाही. एका मुलाने एक डबा काढून दुसरा लावला, तेवढ्यावर तुमच्या अलार्मची वाचा गेली. आणि ती गेल्याचं तुम्हाला कुणीच सांगितलं नाही. मला जास्त काळजी या दुसऱ्या गोष्टीची वाटते.

नेमकं काय झालं ते सांगतो. तुमच्या दाराच्या चौकटीवर चुंबकाची जोडी आहे, हॉलच्या कोपऱ्यात हालचाल टिपणारा सेन्सर आहे. दार उघडलं की पॅनेलला कळतं आणि पॅनेल दोन कामं करतं. पहिलं म्हणजे हुटर वाजवणं. हे घरातल्या घरात होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. दुसरं म्हणजे निरोप पाठवणं. हा निरोप पॅनेलकडून वाय-फायने राउटरकडे जातो, राउटरकडून फायबरच्या वायरीने अलार्म कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून तुमच्या मोबाइलवर. नवा राउटर आला तेव्हा वाय-फायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. त्या मुलाने तो तुमच्या फोनमध्ये घालून दिला असेल, टीव्हीतही घातला असेल. जिन्याखालच्या पॅनेलकडे जायचं त्याला काय कारण? ते बिचारं तेवीस दिवस जुन्याच नावाने हाका मारत बसलं. हुटर मात्र शाबूत होता, हे लक्षात घ्या. त्या रात्री तुम्ही अगदीच उघड्यावर नव्हता. पण घर बंद करून गेलात की हुटर ऐकायला घरात कुणी नसतं, आणि मग सगळी भिस्त निरोपावर येते.

हे मी ठासून सांगतोय त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळ एका बंगल्यात मी स्वतः पॅनेल बसवलं होतं. वायरिंग नीट, सेन्सर नीट, पॅनेलच्या पोटात बारा व्होल्टची बॅटरी, चाचणी घेऊन सही घेऊन आलो. मालक पुण्याला असायचे. चोरांनी कुंपणाच्या भिंतीवरची मीटरची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली पाडला. मग मागचं दार फोडलं. पॅनेल बॅटरीवर चालू होतं, त्याने हुटर वाजवला. शेजाऱ्यांनी ऐकलाही, पण तो पालीमुळे अधूनमधून उगाच वाजायचा, म्हणून कुणी उठलं नाही. आणि मालकांच्या फोनवर काहीच आलं नाही, कारण राउटर दारामागच्या चपलांच्या रॅकवर साध्या प्लगला लावलेला होता. मेन पडल्याक्षणी तो विझला. मी पोचलो तेव्हा पॅनेलचा हिरवा दिवा लागलेला होता आणि त्याच्या नोंदीत ओळीने लिहिलं होतं : मागचं दार उघडलं, हुटर चालू, निरोप पाठवता आला नाही, निरोप पाठवता आला नाही, निरोप पाठवता आला नाही. ती नोंद मालकांसमोर वाचताना मला मान वर करता येईना. राउटर इंटरनेटवाल्याचा, त्याच्याशी माझा संबंध नाही, असं मी तोपर्यंत धरून चाललो होतो. त्या दिवसापासून मी कुठल्याही घरी आधी राउटर बघतो आणि मग पॅनेल.

म्हणून तुमच्याकडेही पहिलं काम विजेचं. पॅनेलला बॅटरी असते, राउटरला नसते. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का ते बघा. बऱ्याच घरांत दिवे-पंखे त्या लाइनवर असतात आणि राउटरचा पॉइंट नेमका बाहेर राहिलेला असतो. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, पुठ्ठ्याच्या पेन्सिलपेटीएवढा. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेच जुळवून घ्या. बहुतेक राउटर बारा व्होल्टचे असतात, पण सगळे नाही. आणि फायबरची वायर जिथे येते तो डबा आणि वाय-फायचा राउटर हे वेगवेगळे असतील तर दोघांनाही वीज लागते. एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, तर काही उपयोग नाही.

इथेच आपल्याकडच्या दोन सवयींबद्दल हात जोडून सांगतो. गावाला जाताना मेन स्विच बंद करून जायचं, ही पहिली. आपल्या आईवडिलांनी लावलेली, आगीच्या भीतीपोटी लावलेली, चांगलीच सवय आहे. पण तुम्ही मेन पाडून गेलात तर चोराचं निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंत. इन्व्हर्टर आणि पॅनेल दोन्ही बॅटरीवर जातील आणि एक-दोन दिवसांत संपतील. त्याऐवजी मेन चालू ठेवा आणि आतल्या पेटीतले गीझर, एसी, स्वयंपाकघर यांचे स्विच बंद करा. राउटर, पॅनेल आणि इन्व्हर्टर ज्या लाइनवर आहेत तेवढ्याच चालू राहू द्या. त्या ओळखायला जड जातं, तर इलेक्ट्रिशियनकडून पेटीत चिठ्ठ्या चिकटवून घ्या. दुसरी सवय म्हणजे 'तीन महिने कोण वापरणार आहे' म्हणून नेटचं रिचार्ज न करणं. तुमच्या प्लॅनची तारीख बंगळूरच्या मुक्कामात कुठे पडते ते आजच बघा आणि निघण्याआधी चार महिन्यांचे पैसे भरून टाका.

आता भाच्याचा प्रश्न. तो अगदीच हवेत बोलत नाही. पण घरात शिरणारा चोर आणि राउटर हॅक करणारी टोळी ही बहुधा दोन वेगळी माणसं असतात. तुमच्या गल्लीत फिरणारा चोर स्क्रू ड्रायव्हर आणि कटावणी घेऊन येतो. राउटरवर हल्ला करणारे परदेशात कुठेतरी बसलेले असतात, त्यांना तुमचं घर कुठलं हे ठाऊकही नसतं. त्यांना फक्त हजारो राउटर गोळा करायचे असतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे उपकरणात शिरून बसणाऱ्या घातक प्रोग्रामने, हेच केलं. त्याच्याकडे साठेक ठरावीक नावं आणि पासवर्ड होते, कारखान्यातून येतात तेच : ॲडमिन-ॲडमिन, रूट-१२३४५ वगैरे. इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राउटर शोधत जायचं आणि ते एकेक लावून बघायचे, बस. लाखो उपकरणं त्याच्या हाती लागली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. पुढच्याच महिन्यात जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर त्याच जातीच्या हल्ल्याने कोलमडले. तिथे हल्लेखोरांना ते राउटर बळकवायचे होते, ते जमलं नाही, पण राउटर मात्र बंद पडले. अलार्मवाल्याच्या नजरेने ही बातमी वाचा : राउटर बंद पडला म्हणजे त्याच्या आधाराने चालणारा प्रत्येक अलार्म मुका झाला.

आपल्याकडेही झालंय. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. ज्यांनी मोडेमचा मूळ पासवर्ड बदललेलाच नव्हता, त्यांचं इंटरनेट बंद पडलं आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलायचं आवाहन करावं लागलं. पुढच्या वर्षी, मे २०१८ मध्ये, व्हीपीएनफिल्टर नावाचं मालवेअर चोपन्न देशांतल्या किमान पाच लाख राउटरांमध्ये सापडलं. त्यात राउटर पार निकामी करून टाकायची सोय होती. म्हणून भाच्याला सांगा : चोर तुझ्या मावशीचा राउटर हॅक करेल याची शक्यता कमी आहे, पण दुसऱ्याच कुणी तो बिघडवला तर नेमक्या त्या आठवड्यात अलार्म मुका असेल, ही शक्यता खरी आहे. दोन्हीवर उपाय एकच.

राउटर उलटा करा. खाली एक स्टिकर असतो, त्यावर दोन पासवर्ड छापलेले असतात आणि सगळा गोंधळ इथे होतो. एक वाय-फायचा, जो आपण पाहुण्यांना देतो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा, जो बहुतेकांनी आयुष्यात कधी टाकलेला नसतो. पहिला बदलला की लोकांना वाटतं झालं. पण खरी किल्ली दुसरी आहे. ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाकला (बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो) की आतलं पान उघडतं. तिथे हा ॲडमिनचा पासवर्ड बदला. लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत एकापुढे एक लिहिलेत तरी उत्तम : बोरीचं झाड, तांब्याची घागर, पाठ झालेला पाढा, काहीही, फक्त मुलांची नावं आणि जन्मसाल नको. मग तो वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये असं तुम्ही ऐकलं असेल. घरच्या राउटरच्या बाबतीत मी उलटं सांगतो : ज्यांनी लिहून ठेवला नाही त्यांनी सहा महिन्यांत राउटर रीसेट केलेला मी बघितलाय, आणि रीसेट केला की सगळं पुन्हा ॲडमिन-ॲडमिन.

त्याच पानावर आणखी काही गोष्टी आहेत. 'डब्ल्यूपीएस' नावाची सोय बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वाय-फाय जोडायची ती युक्ती आहे. त्यातल्या पिनची रचनाच कच्ची आहे : राउटर तिचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत ती सापडते. हे २०११ सालीच उघड झालं, तरी ही सोय अजून कित्येक राउटरांत चालूच असते. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे बाहेरून राउटरचं पान उघडता येणं, चालू असेल तर बंद करा. 'यूपीएनपी' असेल तर तीही बंद करा. तिच्यामुळे घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता राउटरकडून बाहेरून आत यायचं दार उघडून घेऊ शकतं. तुमच्या अलार्मला या कशाचीच गरज नाही, कारण तो स्वतःहून बाहेर निरोप पाठवतो, बाहेरून आत कुणाला यावं लागत नाही. जर बसवणाऱ्याने कधी 'पोर्ट फॉरवर्डिंग', म्हणजे बाहेरून आत यायची कायमची वाट, करून ठेवलं असेल, तर ते का केलं हे त्याला विचारा आणि समाधानकारक उत्तर नसेल तर काढून टाकायला लावा.

वाय-फायची सुरक्षा, म्हणजे त्याच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावी. पण इथे जरा जपून. नवे राउटर डब्ल्यूपीए-३ वर ठेवता येतात आणि भाचा उत्साहाने तेच करील. तीन वर्षांपूर्वीच्या पॅनेलला ते कळत नसेल, तर ते जोडलंच जाणार नाही. दोन्ही चालतील असा पर्याय असतो, तो निवडा. तसंच वाय-फायच्या दोन लहरी असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बरीच पॅनेलं फक्त २.४ वर चालतात. नवा राउटर २.४ आणि ५ यांना एकच नाव देतो आणि पॅनेल जोडताना अडतं, तेव्हा २.४ ला वेगळं नाव द्यायचं. तुमचं पॅनेल जोडायला गेलात की या दोनांपैकी एक अडचण येण्याची चांगलीच शक्यता आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

शक्य असेल तर मी तर म्हणेन, पॅनेलला वाय-फायच नको. पॅनेलला नेटवर्क केबल लावायची जागा आहे का बघा. असेल तर राउटरपासून जिन्याखालपर्यंत एक वायर ओढून घ्या. वाय-फायमध्ये बाहेरून अडथळा आणता येतो. त्यासाठीची स्वस्त यंत्रं बाजारात फिरतात. खासगी माणसाने असं यंत्र वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे, पण चोराला ते कुठे आडवं येतं. वायर ओढली की नाव, पासवर्ड, गिगाहर्ट्झ, सगळीच कटकट संपते. उद्या इंटरनेटवाल्याने पुन्हा राउटर बदलला तरी वायर नव्या डब्यात खोचली की पॅनेल बोलायला लागेल. तुमच्या त्या तेवीस रात्री एका वायरीने वाचल्या असत्या. वायर शक्य नसेल तर राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' चालू करून पॅनेल त्यावर ठेवा आणि तो पासवर्ड कुठल्याही पाहुण्याला देऊ नका.

राउटरच्या सॉफ्टवेअरचं अपडेट त्याच पानावर असतं. 'आपोआप' असा पर्याय दिसला तर चालू करा. इंटरनेटवाल्याने दिलेल्या राउटरचं अपडेट पुष्कळदा कंपनीच लांबून करते. तुम्ही त्यांना फोन करून एवढंच विचारा की हे मॉडेल अजून अपडेट होतं का. 'नाही' म्हणाले तर नवा मागून घ्या. आणि त्याच फोनवर आणखी एक सांगा : आमच्या घरी अलार्म या नेटवर चालतो, न विचारता डबा बदलू नका, रीसेट करू नका. ऐकतील की नाही हे त्यांच्यावर आहे, म्हणून राउटरवर जाड पेनाने लिहिलेली चिठ्ठी चिकटवा : 'याच्यावर चोरीचा अलार्म आहे. हात लावण्यापूर्वी विचारा.' मी माझ्या सगळ्या ग्राहकांकडे हे करतो. जोडणीला येणाऱ्या मुलांना खरंच माहीत नसतं. चिठ्ठी वाचली की ती विचारतात.

राउटरमध्ये आधीच काही शिरलंय का अशी शंका असेल तर सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. फेब्रुवारी २०१७ पासून सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते आणि संगणक-मोबाइल तपासायची साधनं फुकट देते. राउटरच्या बाबतीत मात्र सर्वांत साधा इलाज म्हणजे कारखान्याच्या स्थितीला रीसेट करायचा, लगेच अपडेट करायचा आणि लगेच पासवर्ड बदलायचा, याच क्रमाने. मग पॅनेल पुन्हा जोडायला विसरू नका.

आता ती दुसरी गोष्ट, जिची मला जास्त काळजी आहे : वाट तुटली हे तुम्हाला कळायला हवं. तुमचं पॅनेल दर काही मिनिटांनी सर्व्हरला 'मी आहे' असं सांगत असतं. ते थांबलं की सर्व्हरला कळतं. तुमच्या ॲपने तेवीस दिवस मोजून दाखवले ते त्यामुळेच. म्हणजे माहिती होती, ती तुमच्यापर्यंत पोचवली नाही एवढंच. ॲपच्या सेटिंगमध्ये 'उपकरण ऑफलाइन झाल्यास सूचना' अशा अर्थाचा पर्याय शोधा. बहुतेक वेळा तो बंद असतो किंवा सूचना आवाज न करता येते. तो चालू करा, आवाजासकट. मग मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला बॅटरी वाचवण्याच्या नियमातून वगळा, नाहीतर चार दिवस ॲप उघडलं नाही की फोन त्याला झोपवून टाकतो. मुलीच्या आणि जावयांच्या फोनवरही हेच करा. ॲपमध्ये ही सोयच नसेल, तर मी तुम्हाला ते पॅनेल बदलायला सांगेन. राउटरवर चालणाऱ्या अलार्ममध्ये मी बाकी कशावरही तडजोड करीन, यावर नाही.

इंग्लंडमध्ये सध्या हाच प्रश्न घरोघरी आलाय. तिथले अलार्म वर्षानुवर्षं तांब्याच्या टेलिफोन लाइनवरून देखरेख केंद्राला कळवायचे. ती जुनी फोनव्यवस्था जानेवारी २०२७ पर्यंत बंद होतेय आणि अलार्म राउटरवर येतायत. ज्यांची मुलं तिकडे राहतात आणि जुना अलार्म अजून फोनच्या खाचेत आहे, त्यांनी मुलांना अलार्मवाल्याला फोन करायला सांगावं. तिथे चांगल्या जोडणीत दोन वाटा ठेवतात, एक इंटरनेटची आणि एक सिमची, आणि एक तुटली की केंद्राला लगेच कळतं.

दोन वाटांचं हे तत्त्व तुम्हीही घ्या. तुमच्या पॅनेलमध्ये सिमची खाच आहे का? तीन वर्षांपूर्वीच्या बऱ्याच पॅनेलांत असते आणि ती रिकामी राहिलेली असते. सिम घाला. राउटर मेला, फायबर तुटलं, गल्लीतल्या पेटीची वीज गेली, तरी पॅनेल थेट फोन करील. सिम घेण्याआधी पॅनेल २जीवर चालतं की ४जीवर ते बघा. निव्वळ २जीचं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओचं २जी नाहीच, दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागेल. जिन्याखाली रेंज येते का तेही बघा. आणि एक बारकी गोष्ट, जिने माझे दोन ग्राहक फसलेत : अलार्मचं सिम महिनोन्‌महिने कुणालाच फोन करत नाही, कारण चोर येत नाही. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी ते सिम बंद करू शकते. रिचार्ज संपलं तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण त्याचे मेसेज पॅनेलच्या पोटात जातात. सिम यजमानांच्या नावावर असू द्या, रिचार्जची तारीख मुलीच्या फोनवर गजर लावून ठेवा, आणि महिन्यातून एकदा पॅनेलला फोन करायला लावा.

ॲपच्या खात्याबद्दलही विचारायचं आहे. ते खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर उघडलंय? बसवायला आलेला माणूस घाईत स्वतःच्या नंबरवर खातं उघडतो आणि तुम्हाला 'शेअर' करून देतो, हे मी असंख्य घरांत बघितलंय. त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तीन वर्षांत तो नोकरी बदलतो, फोन विकतो, आणि तुमच्या घराचा अलार्म चालू-बंद करायचा हक्क त्या फोनवर तसाच राहतो. भाच्याने विचारलेला धोका खऱ्या अर्थाने कुठे असेल, तर इथे. मूळ खातं तुमच्या नावावर करून घ्या, पासवर्ड नवा, ओटीपीची दुहेरी पडताळणी चालू. पॅनेलवर 'इंजिनिअर कोड' नावाचा वेगळा कोड असतो, तो कारखान्यातून ००००, १२३४ असा येतो. तोही बदलून वहीत लिहा.

विसंबून जावं का, हे विचारलंत. जावं. इतकं करून जा आणि सोबत माणसं ठेवून जा. बंगळूरला निरोप येऊन तुम्ही तिथून काय करणार? म्हणून निरोप सगळ्यात आधी समोरच्या किंवा शेजारच्या घरी जायला हवा. तरुण, रात्री फोन उचलणारं कुणीतरी निवडा, त्यांना ॲपमध्ये फक्त सूचना मिळेल इतकाच प्रवेश द्या, आणि त्यांना स्पष्ट सांगा की एकट्याने आत जायचं नाही, दुरून बघायचं आणि ११२ ला फोन लावायचा. तीन महिने घर बंद राहणार आहे हे जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून ठेवा. हुटर पालीने, माशीने उगाच वाजत असेल तर सेन्सर साफ करून त्याची जागा बदलून घ्या, नाहीतर शेजारी कान झाकून झोपायला शिकतात. कोल्हापूरला तेच झालं.

मग चाचणी. यजमानांना बाहेर अंगणात फोन घेऊन उभं करा. अलार्म लावा, दार उघडा, निरोप यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. दुसऱ्या वेळी आधी मेन स्विच पाडा आणि मग दार उघडा. निरोप यायलाच हवा. तिसऱ्या वेळी मेन चालू ठेवून राउटरच्या मागची फायबरची वायर काढा. ती नाजूक असते, हळूच. आणि बघा : सिमवरून फोन येतो का, आणि 'ऑफलाइन' ही सूचना किती मिनिटांनी येते. या तीन चाचण्यांतली तिसरी सहसा कुणी घेत नाही, आणि नापास होते ती हीच. प्रत्येक चाचणीची वेळ आणि निकाल त्याच वहीत लिहा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे ते धावत येणार नाहीत.

आणि हे सगळं निघण्याच्या आदल्या रात्री नको. निदान आठ दिवस आधी करा. काही नापास झालंच, तर इलेक्ट्रिशियन, इंटरनेटवाला आणि अलार्मवाला या तिघांना एकाच दिवशी घरी बोलावणं साताऱ्यात किती अवघड आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाय-फायचं कुठे अडलं तर राउटरच्या स्टिकरचा आणि पॅनेलच्या झाकणावरच्या मॉडेल नंबराचा फोटो मला पाठवा, पासवर्ड मात्र बोटाने झाकून. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.